जुना वाडा, जुने भाडेकरू : उतारवयातील रोगप्रतिकारशक्तीविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत केलेली आढळली: साठी-सत्तरीनंतर मंदावलेली रोगप्रतिकारशक्ती पुन्हा पूर्वीसारखी करता येते का? म्हणून हे सर्व प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत आणि पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून माझे वय ७२ आहे. गेल्या वर्षभरात तीन वेळा छातीत कफ होऊन ताप आला. वयामुळे प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, असे डॉक्टर सांगतात. परंतु रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशींची संख्या तर मर्यादेत आहे. मग कमी झाले ते नक्की काय? (कोथरूड)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पांढऱ्या पेशींची संख्या वयानुसार फारशी बदलत नाही. बदलते ती त्या संख्येच्या आतली वाटणी, आणि ती नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस नावाची एक छोटी ग्रंथी असते. १९६१ साली जॅक मिलर या संशोधकाने नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ती पिल्ले साध्या संसर्गांनाही तोंड देऊ शकेनात, आणि तोवर निरुपयोगी अवशेष मानल्या गेलेल्या या अवयवाचे काम जगाला कळले. अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही पेशी थायमसमध्ये येऊन तयार होतात. स्वतःच्या शरीरावर उलटतील अशा पेशी तेथेच नष्ट केल्या जातात आणि कसोटीस उतरलेल्या फार थोड्या पेशी 'टी पेशी' म्हणून रक्तात सोडल्या जातात. ही ग्रंथी बालपणीच आक्रसू लागते, पौगंडावस्थेनंतर तिचे चरबीत रूपांतर होण्याचा वेग वाढतो, आणि पन्नाशी-साठीपर्यंत तिचा बराचसा भाग चरबीचाच झालेला असतो. परिणामी कोणत्याही रोगजंतूशी अद्याप गाठ न पडलेल्या 'कोऱ्या' टी पेशींचा नवा पुरवठा जवळजवळ आटतो.

उरलेली गोष्ट पुणेकरांना समजावून सांगणे सोपे आहे. पेठेतील जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. खोल्या सगळ्या भरलेल्या असतात. पण राहणारे सारे पागडीचे जुने भाडेकरू, पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेले, त्यामुळे नव्याला जागा मिळत नाही. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आपल्याकडील बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून निद्रिस्त असतो. त्याला आवरण्यासाठी नेमलेल्या स्मृतिपेशी, म्हणजे एकदा भेटलेल्या जंतूची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी, वयानुसार वाढत जातात आणि उतारवयात त्यांचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो. मोजणी केली तर वाडा भरलेलाच दिसतो. मात्र उद्या एखादा अनोळखी विषाणू आला तर त्याला ओळखणारा भाडेकरू वाड्यात असेलच असे नाही. याशिवाय जुन्या पेशींतून दाह निर्माण करणारी रसायने सतत झिरपत राहतात. या मंद, धुमसत्या दाहाला क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली वार्धक्य आणि दाह या दोन शब्दांचा जोडशब्द करून नाव दिले. तात्पर्य, आपल्या शरीरात एका बाजूला ढिलाई आणि दुसऱ्या बाजूला अतिरेक, असे दोन्ही एकाच वेळी चाललेले असते. 'प्रतिकारशक्ती वाढवा' या जाहिरातीतील शब्दप्रयोगाला माझा आक्षेप आहे तो याचमुळे.

आता आपल्या छातीविषयी. वर्षात तीनदा झालेला त्रास केवळ 'वय' म्हणून सोडून देऊ नये. छातीचा एक्स-रे, थुंकीची क्षयासाठी तपासणी आणि रक्तातील साखर या तीन गोष्टी झाल्या नसतील तर आधी कराव्यात. न्यूमोकॉकस या जंतूविरुद्धची लस घेतली नसेल तर तीही विचारून घ्यावी. ६५ वर्षांवरील सुमारे ८५ हजार व्यक्तींवर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत, लसीत समाविष्ट असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया तिने सुमारे ४५ टक्क्यांनी कमी केला होता.

प्रश्न : माझे वय ६७. मुलगा अमेरिकेत असतो. थायमस ग्रंथी पुन्हा वाढवणारा एक प्रयोग यशस्वी झाल्याचे वाचून त्याने मला डीएचईएच्या गोळ्या पाठवल्या आहेत आणि मेटफॉर्मिन येथे सुरू करावे असे सुचवले आहे. ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांचीही चौकशी तो करीत आहे. मला मधुमेह नाही. मी हे घ्यावे का? (औंध)

उत्तर : घेऊ नये. मुलाची कळकळ समजते, आणि त्याने वाचलेली बातमी खोटीही नाही. पण ती अर्धीच त्याच्यापर्यंत पोहोचली आहे. ग्रेगरी फेही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ५१ ते ६५ वयोगटातील अवघ्या नऊ निरोगी पुरुषांना वर्षभर ग्रोथ हार्मोन दिले गेले. हे हार्मोन रक्तातील साखर वाढवते, म्हणून तिला आवर घालण्यासाठी डीएचईए आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन यांची जोड दिली होती. म्हणजे आपल्याला पाठवलेल्या गोळ्या त्या प्रयोगात मुख्य औषध नव्हत्याच. मुख्य औषधाचे दुष्परिणाम झाकण्यासाठी त्या होत्या. नऊपैकी सात जणांच्या एमआरआयमध्ये थायमसमधील चरबीच्या जागी पुन्हा ग्रंथीची ऊती आल्यासारखे दिसले, आणि डीएनएवरील रासायनिक खुणांवरून मोजलेले 'जैविक वय' सुमारे दीड वर्षाने मागे गेल्याचे आढळले. मात्र तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता, एकही स्त्री नव्हती, आणि हे लोक पुढे कमी आजारी पडले की नाही हे पाहण्याइतकी ना संख्या होती ना मुदत. उत्सुकता चाळवणारा हा प्रयोग आहे. त्यावरून औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

ग्रोथ हार्मोनमुळे साखर वाढते, सांधे दुखतात, अंगावर सूज येते, आणि शरीरात कोठे गाठ दडलेली असेल तर तिला खतपाणी मिळण्याची भीती असते. डीएचईएपासून शरीरात पुरुषी व स्त्री हार्मोन्स तयार होतात, त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षी प्रोस्टेटचा विचार केल्याशिवाय ते पोटात जाऊ नये. अमेरिकेत ते किराणा दुकानातही मिळते, पण तेवढ्याने ते निर्धोक ठरत नाही.

मुलाशी बोलताना आणखी एक हकीकत सांगावी, कारण पुढच्या महिन्यात तो तिच्यासह फोन करील अशी मला शंका आहे. ईस्टर बेटावरील मातीतून मिळालेल्या रॅपामायसिन या द्रव्याचा पाठपुरावा सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने केला. त्यांच्या कंपनीने काम थांबवले, तेव्हा त्यांनी ते द्रव्य बनवणारे जंतू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. पुढे १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्याचे औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. गंमत अशी की त्याच कुळातील एव्हरोलिमस हे औषध अगदी कमी मात्रेत सहा आठवडे दिल्यावर ६५ वर्षांवरील स्वयंसेवकांच्या शरीराने फ्लूच्या लसीला सुमारे २० टक्के अधिक प्रतिसाद दिला, असे २०१४ मध्ये जोन मॅनिक यांच्या गटाने दाखवले. सर्वांच्या आशा उंचावल्या. परंतु त्याच मार्गावर काम करणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची हजाराहून अधिक ज्येष्ठांवर चाचणी झाली तेव्हा श्वसनाचे आजार कमी झाले नाहीत, आणि २०१९ मध्ये तो प्रयत्न गुंडाळावा लागला. रक्तातील आकडा सुधारणे आणि माणूस प्रत्यक्षात कमी आजारी पडणे यांतले अंतर किती असते, ते येथे दिसते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. वर्षभरात त्यांचे वजन ५१ किलोवरून ४५ वर आले. सकाळी आणि संध्याकाळी चहा-खारी, दुपारी थोडा आमटी-भात, रात्री बहुधा नुसते दूध. लघवीचा संसर्ग वारंवार होतो, प्रतिजैविकांचे चार कोर्स झाले. त्यांची प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी एखादे टॉनिक सुचवावे. (हडपसर)

उत्तर : टॉनिक सुचवत नाही, आपल्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आहे. प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) प्रथिनांची बनलेली असतात आणि संसर्गाच्या काळात शरीर स्नायू मोडून कच्चा माल उभा करते. स्नायूच उरले नाहीत तर तो आणायचा कोठून? उतारवयात दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञ सांगतात. सासूबाईंसाठी ते प्रमाण ४५ ते ५४ ग्रॅम होते. वाटीभर घट्ट वरणातून पाच-सहा ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा, एका अंड्यातून सहा आणि पन्नास ग्रॅम पनीरमधून नऊच्या आसपास प्रथिने मिळतात. खारीतून मिळते ते मुख्यतः मैदा आणि वनस्पती तूप. मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, पिठले, दाण्याचे कूट घातलेली भाजी, भाताऐवजी कधी मुगाचे धिरडे, असा बदल हळूहळू करावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पण त्या कमी का खातात, हे आधी पाहा. कवळी सैल झाली आहे का? एकट्याने ताट घेऊन बसावे लागते का? उदास असतात का? वर्षात सहा किलो वजन आपोआप घटणे ही स्वतंत्रपणे तपासण्याची गोष्ट आहे. त्यात थायरॉइड, साखर, क्षय आणि कर्करोग या सगळ्यांचा विचार व्हायला हवा.

लघवीबद्दल एक स्पष्ट सांगतो. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जंतू सापडणे अगदी सामान्य आहे आणि केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे असे काही होते का, ते विचारावे. शेवटचा मुद्दा नाजूक आहे. गुडघेदुखीसाठी त्या कोणाकडून पुड्या किंवा बिननावाच्या गोळ्या घेतात का, याची शांतपणे चौकशी करा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. स्टिरॉइडने भूक लागते, दुखणे थांबते आणि प्रतिकारशक्ती दबते. ते सापडले तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावे लागते. माझ्या अनुभवात उतारवयातील जी प्रतिकारशक्ती खरोखर परत मिळालेली दिसते, ती बहुधा अशीच मिळते: तिला दाबणारी गोष्ट शोधून दूर केल्याने.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून वय ६८ आहे. मोठ्या बहिणीला नागीण झाली होती. वळसा पूर्ण होऊन तोंड-शेपूट जुळले तर माणूस वाचत नाही, असे सांगून शेजारणीने तिला गेरू लावायला लावला. फोड गेले, पण सात महिने झाले तरी बरगडीची आग थांबत नाही. मला हे होऊ नये म्हणून लस घ्यावी का? दोन मात्रांना वीस हजारांहून अधिक खर्च सांगितला आहे. (सदाशिव पेठ)

उत्तर : तोंड आणि शेपूट जुळण्याची भीती आपल्या आजीच्या पिढीपासून चालत आली आहे, ती मनातून काढून टाकावी. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळील मज्जातंतूंच्या गाठींत लपून राहतो. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या टी पेशी वयानुसार थकल्या की तो एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, आणि तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असल्यामुळे पट्टा बहुधा मधोमध थांबतो. खरा धोका मागे राहणाऱ्या त्या आगीचा असतो. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्रास कमी होतो. गेरू लावण्यात बहिणीचा नेमका तोच वेळ गेला असावा. तिची आग शमवण्यासाठी मज्जातंतूंच्या वेदनेवरील वेगळी औषधे असतात, साध्या वेदनाशामक गोळ्या पुरत नाहीत.

लस घ्यावी, असे माझे मत आहे. वार्धक्यातील प्रतिकारशक्ती चेतवता येते, याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत ठोस पुरावा मला हीच लस वाटते. पूर्वीची जिवंत विषाणूची लस ६० वर्षांवरील लोकांत सुमारे ५१ टक्के संरक्षण देत असे आणि वय वाढेल तसे ते घटत जाई. २०२३ पासून भारतात मिळू लागलेल्या शिंग्रिक्स या लसीत विषाणूचे एकच प्रथिन आहे, पण सोबत एक चेतक द्रव्य घातलेले आहे. ५० वर्षांवरील लोकांच्या चाचणीत तिने सुमारे ९७ टक्के संरक्षण दिले आणि सत्तरी ओलांडलेल्यांतही ते ९० टक्क्यांच्या आसपास राहिले. या चेतकातील एक घटक चिलीमधील एका झाडाच्या सालीतून काढतात. ती साल पाण्यात चोळली की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो, कारण दोन्हींतील द्रव्याची जात एकच, सॅपोनिन. म्हातारे सैन्य निजलेले होते, मेलेले नव्हते. हाक पुरेशी मोठी दिली की उठले.

दोन मात्रांत दोन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी दंड ठणकतो, अंग मोडून येते, थोडा तापही येतो; त्या दिवशी घरी लग्नकार्य ठेवू नये, इतकेच. खर्च मोठा आहे हे मान्य. निवृत्तिवेतनातून तो झेपत नसेल तर फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसींना आधी पैसे काढावेत.

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात गुइलेन-बारी सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. शेजारचे गृहस्थ महिनाभर व्हेंटिलेटरवर होते. लसीमुळेही हा आजार होतो असे ऐकले, तेव्हापासून मी (वय ७०) फ्लूची लस बंद केली. बरोबर केले ना? (सिंहगड रस्ता)

उत्तर : भीती समजण्यासारखी आहे, पण निर्णय बदलावा असे सुचवतो. त्या साथीत पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले होते, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या अनेक नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा आतड्याचा जंतू मिळाला होता. या जंतूच्या आवरणावरील शर्करा आपल्या मज्जातंतूंवरील शर्करेसारखी दिसते, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चुकून मज्जातंतूंवर जातात. प्रतिकारशक्ती 'कमी' असल्याने हा आजार होत नाही. तिचा नेम चुकल्याने होतो.

फ्लूच्या लसीशी त्याचा संबंध १९७६ मध्ये अमेरिकेत प्रथम दिसला. त्या लसीमागे लाखात सुमारे एक जादा रुग्ण आढळला होता. आताच्या लसींबाबत हा धोका दहा लाखांत एक-दोन इतका मानला जातो आणि प्रत्यक्ष फ्लू झाल्यास त्याहून अधिक असतो. वर उल्लेखलेल्या नागिणीच्या लसीबाबतही ६५ वर्षांवरील लोकांत दहा लाख मात्रांमागे सुमारे तीन जादा रुग्णांचा अंदाज अमेरिकी औषध प्रशासनाने २०२१ मध्ये नोंदवला आहे; तो लपवण्याचे कारण नाही. ज्यांना स्वतःला हा आजार होऊन गेला आहे, विशेषतः फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत, त्यांनी मात्र मज्जाविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आपण त्यांत नाही. टँकरचे पाणी उकळून पिण्याची सवय लागली असेल तर ती सोडू नका.

प्रश्न : करोनाच्या काळापासून मी रोज गुळवेलीचा काढा, च्यवनप्राश, झिंक आणि आठवड्याला व्हिटॅमिन डीचे ६० हजारांचे सॅशे घेते. वय ६४, थायरॉइडची गोळी चालू आहे. हे पुढे चालू ठेवावे का? (चिंचवड)

उत्तर : गुळवेल थांबवावी. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना यकृताचा दाह झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील काहींना आधीपासून स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला. वाद काहीही असो, थायरॉइडचा विकार बहुधा स्वयंप्रतिकारातूनच आलेला असतो, आणि अशा व्यक्तीने प्रतिकारशक्तीला चिथावणारे काही वर्षानुवर्षे घ्यावे, हे मला पटत नाही. यकृताची तपासणी एकदा करून घ्यावी.

झिंकची कथा थोडी वेगळी आहे. माणसांतील झिंकची कमतरता जगाच्या लक्षात आणून देणारे डॉ. आनंद प्रसाद मूळचे बिहारचे. २००७ मध्ये त्यांनी ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांवर वर्षभराचा अभ्यास केला, त्यात झिंक घेणाऱ्यांना संसर्ग बरेच कमी झाले. पण अभ्यास लहान होता, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेले झिंक तांब्याचे शोषण रोखून रक्तक्षय व हातापायांची बधिरता आणू शकते. दोन-तीन महिन्यांपलीकडे सांगितल्याशिवाय घेऊ नये. व्हिटॅमिन डीची पातळी मोजा. पुरेशी असेल तर साप्ताहिक सॅशे चालू ठेवण्याने कॅल्शियम वाढण्याचाच धोका. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या एकवीस हजारांहून अधिक लोकांना दरमहा ६० हजार एकक देऊनही श्वसनाच्या संसर्गांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. च्यवनप्राश खुशाल चाटा, साखरेचा हिशेब ठेवून.

प्रश्न : वय ७५. गेली तीस वर्षे रोज पहाटे पर्वती चढतो आणि मंडईत आजही सायकलनेच जातो. माझी प्रतिकारशक्ती तरुणासारखी असेल का? (शुक्रवार पेठ)

उत्तर : काही बाबतींत असू शकेल! बर्मिंगहॅम आणि लंडन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंचे रक्त तपासले. हे साधेसुधे सायकलस्वार नव्हते. पुरुषांना साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि स्त्रियांना साडेपाच तासांत ६० किलोमीटर सायकल चालवता येणे, ही निवडीची अटच होती. त्यांच्या थायमसमधून बाहेर पडणाऱ्या नव्या टी पेशींचे प्रमाण तरुणांइतके आढळले. काम करणारा स्नायू थायमसला पोषक असे काही पदार्थ रक्तात सोडतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र वाड्यातील जुने भाडेकरू, म्हणजे थकलेल्या स्मृतिपेशी, सायकलपटूंतही साचलेल्या होत्याच. व्यायामाने त्या हटल्या नव्हत्या. शिवाय ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच सत्तरीत शंभर किलोमीटर सायकल चालवतात, हा आक्षेपही उरतोच.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात आपण सायकल टिकवली, याचा मला हेवा वाटतो. पण मंडईच्या गर्दीत आणि धुरात पंचाहत्तराव्या वर्षी पडून खुब्याचे हाड मोडले तर अंथरुणातील सहा आठवडे ही सारी कमाई घालवतील. हेल्मेट घाला, आणि आठवड्यातून दोनदा पायांच्या ताकदीचे व्यायाम जोडा.

प्रश्न : आपण वरचेवर 'अद्याप सिद्ध नाही' असे लिहिता. मी ६१ वर्षांचा अभियंता आहे. माझ्या हयातीत खरे औषध येईल, अशी कोणती दिशा आपल्याला दिसते? (बाणेर)

उत्तर : दोन दिशांकडे माझे लक्ष आहे आणि दोन्ही आज उंदरांपर्यंतच पोहोचल्या आहेत. अस्थिमज्जेतील मूळ पेशी उतारवयात एका बाजूला झुकतात. टी पेशींना व प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना जन्म देणाऱ्या कमी होतात आणि दाहाला हातभार लावणाऱ्या पेशींची पैदास करणाऱ्या वाढतात. स्टॅनफर्ड येथील आयर्विंग वाइसमन यांच्या गटाने २०२४ मध्ये या झुकलेल्या मूळ पेशींना नेमके टिपणारी प्रतिपिंडे म्हाताऱ्या उंदरांना दिली. कोऱ्या पेशी वाढल्या, दाह घटला आणि विषाणूंविरुद्धचे संरक्षण सुधारले. आपल्या वाड्याच्या भाषेत, खोल्या रिकाम्या करून घेण्याचा हा मार्ग.

दुसरी कल्पना मला अधिक देखणी वाटते. थायमस जे निरोप टी पेशींना देतो ते तो देईनासा झाला, तर दुसऱ्या एखाद्या अवयवाकडून देववता येतील का? बॉस्टनजवळील केंब्रिजमधील फेंग झँग यांच्या गटाने २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यकृताची निवड केली, कारण म्हातारपणीही ते प्रथिने बनवण्यात तरबेज असते. डीएलएल-१, एफएलटी-३-एल आणि आयएल-७ या निरोप देणाऱ्या तीन प्रथिनांचे एमआरएनए, म्हणजे ती बनवण्याची तात्पुरती कृती, चरबीच्या सूक्ष्म कणांतून यकृतात पोहोचवले. सुमारे दीड वर्षाच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात पन्नाशीतल्या उंदरांत टी पेशींची संख्या आणि विविधता वाढली आणि लसीला मिळणारा प्रतिसादही सुधारला. एमआरएनए थोड्याच काळात विरून जाते, त्यामुळे इंजेक्शने पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. पण काही बिघडले तर थांबताही येते, आणि ग्रोथ हार्मोन किंवा आयएल-७ थेट रक्तात सोडण्यापेक्षा ही मोठी सोय आहे. एमआरएनए हे तंत्र आपल्याला परकेही नाही. २०२२ मध्ये मान्यता मिळालेली देशातील पहिली एमआरएनए करोना लस हिंजवडीच्या जेनोव्हा या कंपनीने बनवली होती.

माणसांत यातला सर्वांत मोठा अडथळा सुरक्षिततेचा असेल. नव्या टी पेशी घडवणे जितके महत्त्वाचे, तितकेच स्वतःवर उलटणाऱ्या पेशी गाळणे. सुकलेला थायमसही हे काम थोडेफार करीत असावा. २०२३ मध्ये अमेरिकेत हाती आलेल्या एका अभ्यासात, प्रौढपणी थायमस काढलेल्या हजाराहून अधिक रुग्णांपैकी पाच वर्षांत ८.१ टक्के दगावले होते, तर तशाच, पण थायमस शाबूत असलेल्या रुग्णांत हे प्रमाण २.८ टक्के होते. आपण ६१ वर्षांचे आहात. पंधरा वर्षांत अशा उपचारांच्या मानवी चाचण्या झालेल्या पाहाल, असे मला वाटते. त्या यशस्वी होतील की नाही, यावर पैज लावणार नाही.

प्रश्न : वय ६६, मधुमेह आहे. यंदा प्रथमच आळंदीहून वारीला निघण्याचा विचार आहे. फ्लूची लस कधी घ्यावी, आणि ती सकाळी घेतली तर अधिक चांगली लागते हे खरे का? (धनकवडी)

उत्तर : पुण्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो आणि लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यात, निदान पालखी निघण्यापूर्वी तीन आठवडे आधी लस घ्यावी. त्याच भेटीत गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी, कारण वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतू गिळण्याचे काम धड करीत नाहीत. सकाळचे म्हणाल तर, बर्मिंगहॅममध्ये ६५ वर्षांवरील २७६ जणांत सकाळी नऊ ते अकरा या वेळेत लस घेतलेल्यांना तिच्यातील काही विषाणूंविरुद्ध दुपारपेक्षा अधिक प्रतिपिंडे मिळाली होती. सकाळ सोयीची असेल तर सकाळी घ्यावी. मुलाला कामावरून आल्यावरच सोबत येता येत असेल तर संध्याकाळीही घ्यावी, पण उद्यावर ढकलू नये. आणि दिवे घाट अनवाणी चढू नये. मधुमेहात तळपायाची एक चीरही पुरे होते.